दम शाबूत आहे

२ नोव्हेंबर, रविवार

हुसेनचा अकोल्याहून फोन. जुन्या खेळाडूंचा कबड्डीचा सामना ठरलाय. अमरावती विरुद्ध अकोला, अठरा जानेवारी, अकोल्याच्या मैदानावर. पन्नाशीच्या पुढचेच खेळणार. मी येणार का, म्हणाला. मी म्हटलं विचारतो काय, नाव लिहून टाक. मग त्यानं वजन किती झालं ते विचारलं. रेंज गेल्यासारखं केलं.

हुसेन म्हणजे कॉलेजच्या काळातला अकोल्याचा डावा कोपरा. त्यानं घोटा धरला की भलेभले मैदानावर लोळायचे. मी चढाईला गेलो की मात्र नुसता बघत राहायचा. माझा दम तसा होता. एका श्वासात सातही जणांची हजेरी घेऊन परत.

प्लॅन : पहाटे छत्री तलावावर चालणे. रात्री फक्त सूप. गोड बंद, तळलेलं बंद. अडीच महिने भरपूर झाले. सुरुवात उद्यापासून, कारण आज माधवीनं पाटोडीचा रस्सा केलाय आणि तिचा अपमान करणे मला जमणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे

उठलो. जुने स्पोर्ट्स शूज काढले. नाडी बांधायला वाकलो तर श्वास वरच अडकला आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके. दोष बुटाचा आहे. नाडी फार खाली असते. बिननाडीचे बूट आणणे. तोवर चालणे स्थगित.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवे बूट. छत्री तलाव. अर्धी चक्कर मारून बाकावर बसलो, वॉर्म-अप एकदम वाढवायचा नसतो. एक म्हातारा समोरून गेला, थोड्या वेळानं परत गेला, मग पुन्हा गेला. घाई करणारी माणसं. मला बघून त्यानं विचारलं, बरं वाटत नाही काय. मी म्हटलं खेळाडू आहे, सामना आहे. तो पुढच्या चकरेला निघाला.

येताना गिला वडा. डाळ म्हणजे प्रोटीन, दही म्हणजे पचन. तळण तेवढं मध्ये येतं, त्याला इलाज नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

माधवीची तब्येत काही ठीक दिसत नाही. साळीच्या घरी कार्यक्रमाला गेलो तर बाई सतरंजीवर बसल्या बसल्या झोपली. परवा गॅसवर दूध ठेवून उभी झोपली. दूध उतू गेलं. चिडचिडही वाढलीय. या वयात बायकांना होतं म्हणतात. शतावरीची पावडर आणून दिली. बघून ठेवली फक्त.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी. भातकुलीत कृषी सेवा केंद्र मी चालवतो ते विश्वासावर. खुशालराव आले, मर रोगाला कोणतं औषध लावू म्हणून विचारत होते. मी डोळे मिटून विचार केला. डोळे उघडले तर खुशालराव नव्हते. समोरच्या दुकानातून औषध घेऊन गेले म्हणे. आजकालच्या गिऱ्हाइकाला धीर नाही.

हे डोळे मिटणं हल्ली दुपारी आपोआप होतं. ध्यान लागणं म्हणतात ते हेच असावं. लोक त्याच्यासाठी शिबिरांना जातात.

पॅन्टचं बटण लागत नाही. वॉशिंग मशीनला कपडे आटतात, माधवीला सांगितलं. तिनं हातानं धुतल्याचं सांगितलं. मग पाण्याचा दोष.

२३ नोव्हेंबर, रविवार

मळ्यात रोडग्यांचा कार्यक्रम. मित्रांच्या आग्रहाखातर गेलो. डाएट मोडायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि मोडलंही नाही. रोडगे भाजलेले असतात, तळलेले नाही. वांग्याची भाजी ही भाजीच आहे. तूप गाईचं होतं.

येताना आमच्या बिल्डिंगचा जिना. पहिलाच मजला आहे आमचा. मधल्या वळणावर मी रोज थांबतो, कारण तिथून शेजाऱ्यांचं कढीपत्त्याचं झाड छान दिसतं. आज माधवी म्हणाली, झाड तं त्यायनं दिवाळीच्या आधीच तोडलं. मी नीट बघितलं. खरंच तोडलंय. तरी जागा हवेशीर आहे.

१ डिसेंबर, सोमवार

फाटकाला गाडी थांबवली. रेल्वे यायची होती. मी डोळे जरा मिटले, तेवढ्यात मागून हॉर्नवर हॉर्न. फाटक उघडून लोक निघून गेले होते आणि पुन्हा बंद व्हायला लागलं होतं. बुलेट बंद होती म्हणून बरं. घरी सांगायला नको होतं. गंमत म्हणून सांगितलं. माधवीनं किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. उद्यापासून ऑटो. स्वतःची झोप सांभाळता येत नाही आणि दुसऱ्याची किल्ली घेते.

७ डिसेंबर, रविवार

पायांत फरक पडतोय. संध्याकाळी मोजे काढले तर पोटऱ्या भरलेल्या, मोज्याची खूण खोल उमटलेली. चालण्यानं मसल्स येतात ते हे. पंधरा दिवस चाललो नाही तरी येताहेत, म्हणजे शरीराला जुनी सवय आठवली. बोटानं दाबलं तर खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. नवा मसल सुरुवातीला मऊच असणार.

हुसेनला फोन करून सांगितलं की तयारी जोरात आहे. तो म्हणे पायऱ्या चढताना दम लागते का तुले. मी म्हटलं, आमच्याकडे लिफ्ट नाही म्हणून लागतो.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज शेवटी माधवीला डॉक्टरकडे नेलं. छातीच्या डॉक्टर आहेत, डॉ. रईसा. झोपेचंही बघतात असं कळलं म्हणून नंबर लावला होता. मी आत जाऊन सविस्तर सांगितलं : ही दिवसा झोपते, चिडते, काही खाण्यावर लक्ष नाही. सांगता सांगता मला जरा धाप लागली, केबिन दमट होती. डॉक्टर माधवीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मग तिला विचारलं, रात्री का झोपत नाही.

माधवी एवढंच म्हणाली, "मी झोपली अन् हे थांबले तं?"

थांबले म्हणजे काय ते मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. म्हणे मी घोरतो, मग आवाज एकदम बंद होतो, छाती हलत नाही. ती वाट बघते, मग मला कोपरानं ढोसते, मग मी जोरात श्वास घेतो. असं सकाळपर्यंत. दोन वर्षांपासून. म्हणे दोघांपैकी एक जण जागं पाहिजे.

मी डॉक्टरांना सांगितलं, हे शक्य नाही. श्वास थांबत असता तर मी इथे बसलो असतो का. शास्त्रीय विचार करा. त्यांनी माझ्या बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन एक्याण्णव. मी माधवीकडे बघितलं. दहावीत कोणत्याच विषयात मला इतके पडले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, हे कमी आहेत. मग वजनकाट्यावर उभं केलं, आणि पायाला बोट दाबून खड्डा पाडला. मी त्यांना मसलचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे पाणी आहे.

खर्च माझा, नंबर माधवीचा, आणि तपासलं मला. तिच्यासाठी एक गोळी लिहून दिली नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

कालचं डोक्यातून जात नाही म्हणून नोंद. डॉक्टरबाईंनी बराच वेळ समजावलं होतं. छाती आणि पोट यांच्या मध्ये एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली उतरला पाहिजे, तेव्हा फुप्फुसं फुगतात. पोटातली चरबी त्याला उतरू देत नाही. छातीवरचीही चरबी असते, फासळ्यांना ती उचलून श्वास घ्यावा लागतो. म्हणजे माणूस नुसता खुर्चीत बसला तरी हमाली चालू. आडवं झालं की पोट आणखी वर सरकतं. झोपेत घसाही मिटतो. ऑक्सिजन उतरला की हृदय घाबरं होऊन जोर लावतं. रोज रात्री.

मी दुकानदार आहे म्हणून त्यांनी उदाहरण दिलं की गोदामात छतापर्यंत पोती रचली तर पंखा फिरेल कुठं. मी म्हटलं आमच्या गोदामात पंखाच नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

हृदयाचा फोटो काढून आणायला सांगितला, टू-डी एको.

२२ डिसेंबर, सोमवार

एको झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, डाव्या बाजूची भिंत जाड आणि उजवी बाजू मोठी. मला आश्चर्य वाटलं नाही. खेळाडूचं हृदय असतंच तसं. डॉक्टर म्हणाल्या ते खेळाडूचं वेगळं, हे ओझ्यानं झालंय. डाव्या बाजूला बीपीशी भांडावं लागतं, उजवीला फुप्फुसांशी. फार दिवस भांडली तर थकेल. मी कबड्डीच्या सामन्याचं विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माधवीकडे बघितलं, आणि 'नाही' हा शब्द मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहिला. बाकी गोळ्यांची नावं वाचता येत नाहीत, हे मात्र स्वच्छ.

झोपेचा एक तपास सांगितलाय. तो सामन्यानंतर करू. उगाच शरीरावर ताण नको.

२८ डिसेंबर, रविवार

दामिनी सुटीत घरी आलीय. अकोल्याला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते. आईनं काय सांगितलं देव जाणे, पोरीनं माझा झोपलेला व्हिडिओ काढला आणि सकाळी चहाबरोबर दाखवला.

आवाज आमच्या बोअरच्या मोटारीसारखा. मग मोटार बंद. माणूस पडलेला, तोंड उघडं. पोट वर येतंय, छाती आत जातेय, पण हवा काही जात नाही. बघता बघता मीही श्वास धरला, हे माझ्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं मला राहवेना, मी श्वास सोडला. व्हिडिओतला माणूस अजून धरूनच होता. मग चारपाई हादरावी तसा हादरला आणि घुरघुर सुरू.

दामिनी रडायला लागली. तिला मी समजावलं. म्हटलं, नीट विचार कर, याचा अर्थ माझा दम शाबूत आहे. जागेपणीपेक्षा झोपेत जास्त आहे. चढाईला हेच लागतं. ती उठून आत गेली. माधवी कप उचलून धुवायला गेली. पोरीला खेळाचं काही कळत नाही.

व्हिडिओ डिलीट करायला सांगितला. केला नाही.

४ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प : एका महिन्यात दहा किलो. सुरुवात संक्रांतीनंतर, कारण तिळगूळ घरात असताना सुरुवात करणं म्हणजे स्वतःला फसवणं. मला ते आवडत नाही.

रात्री तीन उशा लावून झोपतो. एका उशीवर कोणीतरी छातीवर बसल्यासारखं वाटतं. तीन उशांवर बरं. राजे लोक असेच झोपत असणार.

११ जानेवारी, रविवार

घरात जाहीर केलं की खेळणार नाही. अकोल्याला फक्त स्टेजवर बसायला जाईन, सत्कार आहे. माधवी म्हणाली मी पण येतो. म्हटलं कशाला दगदग. ती म्हणाली सत्कार पायले कोणी पायजे ना घरचं.

जर्सी पिशवीत तळाशी ठेवली. वर शाल.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी

बसनं अकोल्याला निघालो. बसमध्ये मला ध्यान लागलं. मूर्तिजापूरला माधवीनं ढोसलं. सगळी बस माझ्याकडे बघत होती. काय आवाज केला असेल.

२२ जानेवारी, गुरुवार. अकोला, दवाखाना

आज पेन धरता आलं. हातात सुई होती. झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर हुसेन त्याच्या पद्धतीनं सांगत सुटेल.

मैदान भरलं होतं. सत्कार झाला, नारळ-शाल झाली. दामिनी तिच्या मैत्रिणींना घेऊन आली होती. पहिला डाव आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात आमचा किशोर पाय मुरगळून बसला आणि बाकावर दुसरं कोणी नव्हतं. कॅप्टननं माझ्याकडे बघितलं नाही. तरी मी उठलो. स्वच्छतागृहात जाऊन जर्सी घातली. ती अर्धी आली. उरलेलं शाल गुंडाळून झाकलं. माधवी समोरच्या खुर्च्यांवर होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, पण ती उभी राहिलेली दिसली.

दोन्ही बाजूंना सारखे पॉइंट. शेवटची चढाई माझी. रेषा ओलांडली आणि दम सुरू केला. पहिला 'कबड्डी' खणखणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा बरा होता. तिसरा तोंडातून निघाला तो फक्त 'क'. पुढचं आतच राहिलं. छातीत हवा होती की नाही ते माहीत नाही, पण आत येत नव्हती आणि बाहेर जात नव्हती. पाय मातीत रुतले. त्यांची साखळी माझ्याभोवती आली आणि मला सगळे पाण्याखाली असल्यासारखे दिसायला लागले.

डाव्या कोपऱ्यातून हुसेन सुटला. लोक ओरडले, पकड, पकड. त्यानं घोटा धरला नाही. मागून दोन्ही काखांत हात घालून मला पेललं आणि हळूहळू खाली बसवलं. त्याच्याही तोंडाला फेस आला असेल, माझं वजन त्याला माहीत नव्हतं. कानाशी म्हणाला, "पकडून नाही राहिलो बे तुले. धरून राहिलो. बस खाली, आडवा होऊ नको."

पंचांनी शिट्टी वाजवली. दम तुटला म्हणून पॉइंट अकोल्याला. नियम आहे. एका पॉइंटनं हरलो.

ओठ निळे पडले होते म्हणे. हुसेनच्या भाच्याची गाडी होती. मी मागच्या सीटवर, एकीकडे माधवी, एकीकडे हुसेन. माधवी सारखी कोपरानं ढोसत होती. जागा होतो मी. तरी ढोसत होती. मी तिला थांबवलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठलं होतं. हृदयाला झेपेना. औषधानं ते पाणी काढताहेत, रात्री तोंडावर मास्क लावून हवा आत ढकलतात. पाच दिवसांत सहा किलो कमी झाले. छत्री तलावाला फिरणाऱ्या कोणालाही हे जमलेलं नाही. डॉक्टरांना म्हटलं, संकल्प निम्म्यावर आला. ते म्हणाले हे लघवीचं वजन आहे.

हुसेन रोज येतो. त्याच्या घरून अनीसावहिनी डबा पाठवतात, बिनमिठाचा. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांच्या हातचं मी पहिल्यांदाच परत केलं. हुसेननं झाकण लावलं आणि म्हणाला, कॉलेजात एकदा तरी तुझा घोटा हातात आला होता, आठवते का. नाही म्हटलं. खरं म्हणजे तीनदा आला होता.

माधवी माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून झोपते. मॉनिटर आवाज करतो म्हणून तिला बरं वाटतं म्हणे. नर्सनं तिला दोनदा घरी जा म्हणून सांगितलं.

२७ जानेवारी, मंगळवार. अमरावती

घरी. मशीन आणलं. नाकावर मास्क, मागे पट्टे, नळी. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. दामिनीनं चढवून दाखवलं, म्हणे पायलट दिसता. मी लगेच काढलं. गुदमरतं. शिवाय रात्रभर हवा भरून घेणं हे टायरचं काम आहे. उद्यापासून नक्की. आज प्रवासाचा थकवा आहे.

डॉ. रईसांनी फोनवर विचारलं, लावता का. हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की मशीनमध्ये नोंद होते, त्यांना तिकडे दिसते. हे मला आधी सांगायला हवं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार

दोन तास लावलं. मग झोपेत कोणीतरी काढलं. मी असेन.

सकाळी चहा ओतताना उभ्या उभ्या डोळे मिटले माधवीचे, चहा बशीत, बशीतून ओट्यावर. मी तिच्या हातातून भांडं काढून घेतलं. तिला कळलंच नाही. बराच वेळ तसाच उभा राहिलो भांडं धरून.

१ फेब्रुवारी, रविवार

काल पूर्ण रात्र मास्क. सकाळी उठलो तर डोकं दुखत नव्हतं. डोकं दुखणं हे सकाळचंच एक लक्षण असतं अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. नऊ वाजले तरी माधवी उठली नव्हती. मी चहा केला, पोहे केले, पोहे लागले, पुन्हा केले. तरी उठली नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हिला उन्हात झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. तोंड उघडं होतं. जरा घोरतही होती, पण तो विषय मी काढणार नाही.

दहाला उठली. मी पोह्यांची प्लेट पुढे केली आणि सहज वाटावं असं विचारलं, काल कसं वाटलं. म्हटलं आता ही काहीतरी बोलेल. इतकी वर्षं जागली, आता माझं कौतुक करायला हरकत नाही.

ती पोहे खात होती. मीठ नव्हतं त्यात, तरी प्लेट संपवली. मग म्हणाली, "आवाजच नाही आला रात्री. वाटलं गेले. उठून पायलं मी."

मी विचारलं, जिवंत आहे बघून काय वाटलं.

म्हणाली, "झोप आली."